अनुवादकाचा रकाना

बेंजामिन लुइस राइस यांच्या 'एपिग्राफिया कर्नाटिका'चा नववा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या बंगलोर जिल्ह्यातले शिलालेख आणि ताम्रपट त्यात तालुकावार लावलेले आहेत. प्रत्येक तालुक्याला राइस यांनी रोमन लिपीतले एक छोटे चिन्ह दिले आणि त्यापुढे लेखाचा क्रमांक घातला. आनेकल तालुक्याच्या वाट्याला त्याच्या रोमन स्पेलिंगातली पहिली दोन अक्षरे आली, 'ए' आणि 'एन'. मागडी, नेलमंगला, होसकोटे यांचीही अशीच चिन्हे झाली. दक्षिणेच्या इतिहासावर लिहिणारे अभ्यासक तेव्हापासून आनेकलमधल्या एखाद्या शेताच्या बांधावरच्या दगडाचा उल्लेख दोन अक्षरे आणि एक आकडा एवढ्यातच करत आले आहेत.

या चिन्हाने दोन कामे केली. गावोगाव विखुरलेल्या दगडांना पत्ता मिळाला, आणि तो पत्ता कोणत्याही भाषेतल्या लेखात, कोणत्याही देशातल्या ग्रंथालयात तसाच चालू लागला. पण पत्ता कायमचा नसतो. १९७० नंतर म्हैसूर विद्यापीठाने या ग्रंथमालेची सुधारित आवृत्ती काढायला घेतली तेव्हा खंडांची मांडणी बदलली. त्यामुळे जुना संदर्भ देताना आवृत्ती कोणती हे सांगणे भाग पडले. जो अभ्यासक ते सांगत नाही, त्याच्या वाचकाला दुसराच दगड सापडू शकतो.

संदर्भसूची हा लेखनातला सर्वांत रुक्ष भाग समजला जातो. प्रबंध लिहिणारे ती शेवटच्या आठवड्यात करतात आणि वाचणारे बहुधा ती चाळून पुस्तक मिटतात. आज ही सूची हाताने करायची वेळ फारशी येत नाही. पुस्तकाची माहिती एकदा रकान्यांत भरली की संगणक ती हव्या त्या शैलीत लावून देतो, क्रम ठरवतो, तळटिपा जुळवतो. 'लाटेक'मध्ये पाने जुळवणाऱ्यांपुढे तर अशी बरीच साधने आहेत आणि त्यांतले कोणते घ्यावे यावर विद्यार्थी हौसेने वाद घालतात. या वादात वेग, सोय आणि किंमत यांची चर्चा होते, रकान्यांची सहसा होत नाही. वास्तविक प्रत्येक रकाना कोणीतरी, कधीतरी, विशिष्ट पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून आखलेला आहे. ज्या पुस्तकांचा विचार तेव्हा झाला नाही, त्यांना आजही त्या रकान्यांत अंग चोरून बसावे लागते. मी कन्नडातून मराठीत अनुवाद करते, आनेकलमध्ये राहते, आणि माझ्या कामाच्या सूचीत तीन लिप्यांतली पुस्तके शेजारी येतात. म्हणून या रकान्यांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

आनेकलपासून फार दूर जायला नको. विजापूरच्या फौजांनी १६३८ साली बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजी राजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचला. मूळ संस्कृत असलेल्या या ग्रंथात दरबारी कवींच्या तोंडून अनेक भाषा बोलतात. वि. का. राजवाडे यांनी तो संपादित करून, विस्तृत प्रस्तावनेसह, शके १८४४ मध्ये प्रसिद्ध केला. आता या एका पुस्तकाची नोंद करून पाहा. लेखक जयराम, पण ग्रंथ मराठी वाचकांना ठाऊक आहे तो राजवाड्यांच्या प्रस्तावनेमुळे, म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसते 'राजवाडे १९२२' असे दिसते. सतराव्या शतकातला कवी त्यात नाहीसा होतो. भाषा एक लिहावी तर ती खोटी ठरते. वर्षाचेही तसेच. शके १८४४ हे इसवी सन १९२२च्या चैत्रात सुरू होऊन १९२३मध्ये संपते. नुसते ७८ मिळवून १९२२ लिहिणे सोयीचे असले तरी ते अंदाजाचे काम आहे, आणि एकदा रकान्यात आकडा बसला की तो अंदाज होता हे पुढच्या वाचकाला कळत नाही.

छापील मराठी पुस्तकांच्या आरंभकाळात गेलो तर नावांचा प्रश्न उभा राहतो. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरात देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. तिथून पुढच्या काळातल्या मुंबईतल्या ग्रंथकारांची आणि मुद्रकांची नावे पाहा: हरी केशवजी, गणपत कृष्णाजी, बाबा पदमनजी, जावजी दादाजी. यांतला दुसरा शब्द वडिलांच्या नावाचा आहे, आडनावाचा नाही. 'यमुनापर्यटन'च्या कर्त्याची नोंद 'पदमनजी, बाबा' अशी केली की पदमनजी हे आडनाव होऊन बसते. हरी केशवजींनी बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा अनुवाद 'यात्रिकक्रमण' या नावाने केला, तो १८४१ साली छापला गेला. हे पुस्तक सूचीत 'ब'खाली शोधायचे, 'क'खाली की 'ह'खाली? बन्यनचे मूळ पुस्तक १६७८चे. मराठी गद्याच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्याला हरी केशवजी हवे असतात, धर्मसाहित्याच्या अभ्यासकाला बन्यन. दोघांचीही गरज रास्त आहे.

याहून जुना दाखला गोव्यातला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी काढलेली आवृत्तीही रोमनच होती. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६मध्ये पुण्यात काढली. लेखकाचे नाव इंग्रजीत स्टीफन्स, पोर्तुगीज कागदपत्रांत एस्तेव्हांव. एक कवी, एक काव्य, दोन लिप्या, दोन आडनावे आणि तीन शतकांतल्या आवृत्त्या. त्याची नोंद एका ओळीत मावत नाही.

अशा पुस्तकांचा ढीग ज्यांनी प्रथम पद्धतशीर लावला ते शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची त्यांनी केली, मग १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड केला. नियतकालिकांची सूची त्यांनी दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासह हाती घेतली. मराठीत कोणताही संशोधक 'दाते सूची पाहा' असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ सर्वांना कळतो. या कामाचे मोल नोंदींच्या संख्येत जितके आहे तितकेच त्यातल्या निर्णयांत आहे. सूचिकाराला प्रत्येक पुस्तकापाशी थांबून ठरवावे लागते: हे कोणत्या विषयाखाली, कोणाच्या नावावर, कोणत्या वर्षी. शंका आली तर तो कंस घालतो, टीप देतो, दुसऱ्या ठिकाणी 'पाहा' असे लिहून वाट दाखवतो. कुसुमाग्रजांच्या कविता आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके एकाच माणसाची आहेत हे वाचकाला सांगणारी चिठ्ठी जुन्या कार्डांच्या पेटीत असे. ती कोणा माणसाने विचार करून घातलेली असे.

नावांच्या या गुंत्याचा जगातल्या ज्या मोजक्या लोकांनी नेटाने विचार केला, त्यांतले एक अखेरच्या काळात बेंगळुरूमध्येच होते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३मध्ये 'कोलन वर्गीकरण' आणि १९३४मध्ये तालिकीकरणाची संहिता प्रसिद्ध केली होती. १९६२मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेअंतर्गत बेंगळुरूला प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले. १९७२मध्ये त्यांचे निधन याच शहरात झाले. वेगवेगळ्या संस्कृतींतली माणसांची नावे कशी नोंदवावीत, हा त्यांच्या संहितेतला एक मोठा विषय आहे. त्यांचे स्वतःचे नावच त्याचे उदाहरण आहे. शियाळी हे गाव, रामामृत हे वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे त्यांचे. आडनाव नाहीच. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचेही तसेच: संतेशिवर हे गाव, लिंगण्णय्या वडील, भैरप्पा ते स्वतः. आनेकलमधल्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर अशी नावे ओळीने सापडतील. युरोपीय पद्धतीचे यंत्र शेवटचा शब्द आडनाव समजते, आणि 'भैरप्पा, एस. एल.' अशी नोंद करते. ती सूचीत योग्य जागी बसते, पण केवळ योगायोगाने. त्याच नियमाने बाबा पदमनजी चुकीच्या जागी बसतात. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९६७मध्ये निरनिराळ्या देशांतल्या नावांच्या रूढी एकत्र करून एक पुस्तक काढले, ते याच गरजेतून.

संगणकीय साधनांचा वंश मात्र ग्रंथपालांच्या घरात सुरू झाला नाही. १९७७मध्ये डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. फोटोवर जुळवलेली ती गणिती पाने त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी स्वतःच पाने जुळवणारी प्रणाली लिहायला घेतली. तीच 'टेक'. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' उभारले आणि १९८५च्या सुमारास ऑरेन पटाश्निक यांनी त्याच्या जोडीला 'बिबटेक' केले. माहितीच्या फायलीची धाटणी त्यांनी ब्रायन रीड यांच्या 'स्क्राइब' या प्रणालीवरून घेतली. पुस्तकांची माहिती एका साध्या मजकुराच्या फायलीत ठेवायची, प्रत्येक पुस्तकाला एक छोटी खूण द्यायची, लिहिताना फक्त ती खूण लिहायची आणि सूची यंत्राने करायची. राइस यांनी आनेकलला दिलेल्या दोन अक्षरांचे हेच काम होते. १९८८मध्ये 'बिबटेक' ०.९९ या आवृत्तीपाशी पोचले आणि १.० कधी आलेच नाही. तरी ते आजही चालते, आणि जगातल्या असंख्य गणिती आणि शास्त्रीय नियतकालिकांची पाने त्यावरच जुळतात.

'बिबटेक'च्या मूळ शैलींतले रकाने वाचले की ते कोणासाठी आखले होते हे लगेच कळते. पुस्तक, लेख, परिषदेतला निबंध, तांत्रिक अहवाल, प्रबंध. लेखक, संपादक, प्रकाशक, संस्था, वर्ष, महिना, टीप. नावाचे चार भाग: पहिले नाव, 'फॉन'सारखे उपपद, आडनाव आणि 'ज्युनियर'. जर्मन सरदारांची आणि अमेरिकन बापलेकांची सोय त्यात आहे. अनुवादकाचा रकाना नाही. मूळ शीर्षकाचा नाही, मूळ वर्षाचा नाही, मूळ भाषेचा नाही. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांना त्यांची गरज नव्हती, त्यामुळे यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण तेच साधन पुढे इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य यांच्या प्रबंधांतही शिरले, आणि रकाने तसेच आले.

त्याचा परिणाम एका नोंदीत पाहू. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी १९६५ची. ए. के. रामानुजन यांचा इंग्रजी अनुवाद १९७६चा. जुन्या रकान्यांत भरल्यावर जी नोंद तयार होते ती म्हणते: अनंतमूर्ती, 'संस्कार', १९७६. म्हणजे कन्नड लेखकाने १९७६ साली इंग्रजीत कादंबरी लिहिली. रामानुजन नाहीत, कन्नड नाही, मधली अकरा वर्षेही नाहीत. तसेच भैरप्पांच्या 'पर्व'चे. उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद वाचून त्यावर मराठीत लिहिणारा अभ्यासक जर फक्त 'भैरप्पा, पर्व' एवढेच नोंदवत असेल, तर त्याने उद्धृत केलेली वाक्ये कोणाची? त्या वाक्यांतला शब्दक्रम, बोलीचा निवड केलेला स्तर, एखाद्या कन्नड शब्दासाठी शोधलेला मराठी शब्द, हे सगळे अनुवादकाचे आहे. शोधप्रबंधाचा निष्कर्ष कधीकधी अशा एखाद्या शब्दावरच उभा असतो. अनुवादकाचे नाव सूचीत असणे हा मानापमानाचा प्रश्न नंतरचा, आधी तो पुराव्याचा प्रश्न आहे. शिवाय आता संदर्भ मोजणारी यंत्रे सूचीवरूनच मोजदाद करतात. जे नाव रकान्यात नाही ते त्यांच्या लेखी अस्तित्वात नसते.

देवनागरीची अडचण याहून वेगळी होती. १९९१मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी 'टेक'साठी देवनागरी टंक तयार केला. मजकूर रोमन लिप्यंतरात टंकायचा, एका पूर्वप्रक्रियेतून काढायचा, आणि मग कागदावर देवनागरी उमटायची. पाने सुरेख येत, पण सूचीचा क्रम त्या लिप्यंतराच्या रोमन अक्षरांवर ठरणार. इकडे महाराष्ट्रात पुस्तके 'श्री-लिपी'सारख्या प्रणालींत जुळत होती. त्यांच्या टंकांत देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. टंक बदलला की मजकुराची रोमन अक्षरांची खिचडी होई. त्या काळात कष्टाने केलेल्या कितीतरी सूच्या अशा फायलींत अडकल्या. त्या छापता येतात, पण त्यांत शोध घेता येत नाही, त्या पुन्हा क्रमवार लावता येत नाहीत.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच, आणि तिच्यात देवनागरी होती. पण ती 'टेक'च्या जगात सुखाने वावरू लागली ती २००४मध्ये जोनाथन क्यू यांचे 'झीटेक' आल्यावर. त्यानंतर मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच फायलीत सरळ टंकता येऊ लागले. 'बिबटेक' मात्र जुन्याच काळात राहिले. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असते. 'बिबटेक' एक बाइट म्हणजे एक अक्षर समजते. त्यामुळे नावाचे आद्याक्षर काढायला सांगितले की ते अक्षराचा एक तृतीयांश तुकडा हाती देते आणि छपाईत तिथे चौकोन किंवा चूक येते. मराठीत आद्याक्षर म्हणजे पूर्ण जोडाक्षर, मात्रेसकट. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे 'श्री. व्यं.' होते, 'श. व.' होत नाही.

वर्णक्रमाचा प्रश्न याच्याच पोटात आहे. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकाच्या लेखी 'क्ष' हे स्वतंत्र अक्षर नाही. ते क, हलन्त आणि ष असे तीन चिन्हांचे आहे. नुसत्या सांकेतिक क्रमाने लावले तर क्षीरसागर हे कोलटकर आणि कौशिक यांच्या मागोमाग 'क'मध्येच येतात, आणि ज्ञानेश्वर जोशींनंतर. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येईल. पण कोणती पद्धत हवी ते लेखकाने आणि संपादकाने ठरवायला हवे, साधनाने गुपचूप ठरवता कामा नये.

हे ठरवण्याची मोकळीक ज्या साधनाने दिली ते 'बिबलाटेक'. फिलिप लेमान यांनी ते २००६मध्ये आणले आणि त्याच्या जोडीचे 'बीबर' फ्रँस्वा शारेत आणि फिलिप काइम यांनी लिहिले. 'बीबर'ला युनिकोड कळते, आणि क्रम लावण्यासाठी त्याला 'मराठी' किंवा 'कन्नड' असा प्रदेश सांगता येतो. 'बिबलाटेक'मध्ये अनुवादकाचा रकाना आहे, मूळ शीर्षक, मूळ भाषा आणि मूळ तारीख यांचेही आहेत. 'राधामाधवविलासचंपू'ची तारीख '१९२२ ते १९२३' अशी देता येते, किंवा वर्षाच्या रकान्यात 'शके १८४४' असेच लिहून क्रमापुरता १९२२ वेगळ्या रकान्यात देता येतो. 'बाबा पदमनजी' दुहेरी महिरपी कंसांत घातले की ते अखंड नाव समजले जाते, त्याचे तुकडे पडत नाहीत. आद्याक्षरे स्वतः लिहून देता येतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी ग्रंथांच्या वेगळ्या याद्या छापता येतात. शिलालेखांसाठी आनेकलचे ते जुने चिन्ह संक्षेप म्हणून नोंदवले की संक्षेपांची यादी आपोआप तयार होते.

या उलट बाजूलाही काही आहे. 'बिबलाटेक' शिकायला वेळ लागतो. पुष्कळ प्रकाशक आजही फक्त 'बिबटेक'च्या फायली स्वीकारतात. परदेशी प्रकाशकांची शास्त्रीय पाने बेंगळुरू आणि चेन्नईतल्या कंपन्यांत जुळतात, आणि तिथली यंत्रणा प्रकाशकाने दिलेल्या साच्यावर चालते. लेखकाने निवडलेल्या साधनाला तिथे जागा असतेच असे नाही. अशा वेळी अनुवादकाचे नाव 'टीप' या रकान्यात घालावे लागते. तो मागचा दरवाजा आहे, पण दार बंद असण्यापेक्षा बरा.

ज्यांना 'लाटेक'च नको त्यांच्यासाठी, किंवा केवळ साठवणीसाठी, 'झोटेरो' आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्राने ते २००६मध्ये आणले. इतिहासकारांच्या घरी जन्मल्याची खूण त्यात दिसते: हस्तलिखित, पत्र, मुलाखत, नकाशा असे प्रकार त्यात आहेत, अनुवादकाचे नाव देता येते आणि अखंड नावासाठी एकच रकाना वापरता येतो. मूळ शीर्षकाला मात्र स्वतंत्र रकाना नाही, ते 'अतिरिक्त' या रकान्यात विशिष्ट पद्धतीने लिहावे लागते. एका नोंदीत मूळ लिपी, लिप्यंतर आणि अनुवाद असे तिन्ही ठेवण्याची सोय जपानमध्ये शिकवणाऱ्या फ्रँक बेनेट यांनी 'झोटेरो'वर आधारलेल्या 'ज्युरिस-एम'मध्ये केली होती. पुढे त्याचा विकास थंडावला. 'एंडनोट' विकत घ्यावे लागते. 'मेंडेली' फुकट मिळते, पण एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने ते २०१३मध्ये विकत घेतले, आणि २०१८मध्ये वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरची त्याची माहिती कूटबद्ध झाली. ती थेट वाचून दुसऱ्या साधनात नेण्याची वाट त्यामुळे अडली. दहा वर्षे जमवलेली सूची दुसऱ्याच्या कुलपात असावी की नाही, याचा विचार सुरुवातीलाच केलेला बरा. या दृष्टीने 'बिबटेक'ची जुनी, साध्या मजकुराची फाइल अजूनही सर्वांत भरवशाची. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही कोणत्याही संगणकावर उघडून डोळ्यांनी वाचता येते.

मग निवड कशी करावी? माझ्या मते उत्तर एका साधनाच्या नावात नाही. साठवण आणि छपाई ही दोन कामे वेगळी ठेवावीत. साठवण जितकी भरगच्च करता येईल तितकी करावी: मूळ लिपीतले नाव, मुखपृष्ठावर छापले आहे तसे प्रकाशनस्थळ, मूळ भाषा, अनुवादक, शक असल्यास शक. पुस्तकावर 'बंगलोर' असेल तर 'बंगलोर'च लिहावे, शहराचे नाव नंतर बदलले म्हणून छापील पान बदलत नाही. ही माहिती 'झोटेरो'त ठेवून तिथून 'बिबलाटेक'साठी फाइल काढता येते, किंवा साध्या फायलीत हाताने लिहिता येते. छपाईच्या वेळी प्रकाशक मागेल तेवढे द्यावे. साठवणीतून कमी करून देता येते, पण जे साठवलेच नाही ते पुढे कोणतेही साधन परत आणू शकत नाही.

साधन पारखायचे असेल तर सोपी पुस्तके देऊन उपयोग नाही, ती सगळीकडेच नीट बसतात. त्याला पाच अवघड नोंदी द्याव्यात: शके १८४४चा 'राधामाधवविलासचंपू', रोमन लिपीतले 'क्रिस्तपुराण', हरी केशवजींचे 'यात्रिकक्रमण', उमा कुलकर्णींच्या मराठीतले भैरप्पांचे 'पर्व' आणि आनेकल तालुक्यातला राइस यांच्या खंडातला कोणताही एक शिलालेख. छापून आलेल्या सूचीत कवी, संपादक, अनुवादक आणि मूळ लेखक या सर्वांची नावे दिसली, कोणाच्या वडिलांचे आडनाव झाले नाही, ज्ञानेश्वर आपण ठरवलेल्या जागी आले आणि दगडाचा पत्ता आवृत्तीसह लागला, तर ते साधन आपल्या कामाचे. पाचांतले जे बसणार नाही, त्यासाठी दाते करत असत तसे थांबून, विचार करून, हाताने एक टीप लिहावी. तेवढे काम सूचिकाराकडेच राहते.